बुधवारची जर्सी

रॉन्से, गुरुवार, १७ मार्च १९९४

गेर्ट,

छापखान्याच्या पत्त्यावर लिहितेय, कारण घरचा पत्ता तू दिलेला नाहीस. पाकिटावर माझं नाव मुद्दामच घातलेलं नाही. तुला आई आहे हे तिथल्या लोकांना कळायची काही गरज नाही.

नाताळात तुझं कार्ड मिळालं. छापील शुभेच्छा आणि खाली सही. सतरा वर्षांत अशा सतरा सह्या जमल्यात माझ्याकडे. पण आज मी तक्रार करायला बसलेली नाही. मला कुणाशी तरी बोलायचंय, आणि इथे गल्लीत बोलले तर संध्याकाळच्या आत चर्चच्या दारापर्यंत पोचेल.

तुझ्या बापाचं काहीतरी चाललंय.

हे मी त्याच्या कपड्यांवरून म्हणतेय. हसू नकोस. अडतीस वर्षं मी त्या माणसाचे सायकलचे कपडे धुतेय आणि त्यातली बावीस वर्षं मी जर्सीच्या कारखान्यात शिवणाच्या मशीनवर बसून काढली आहेत. आखिएल तोंडाने काय सांगतो ते मी कधीच ऐकलं नाही. जर्सी उलटी केली की मला कळायचं तो कुठे गेला, किती दमला, वाटेत बिअरला थांबला की नाही.

लग्न झालं तेव्हा लोकरीची जर्सी होती, पुढे दोन खिसे, मागे तीन. पाऊस लागला की ती लोंबत मांडीपर्यंत यायची आणि दोन किलोची व्हायची. कोपरं मी रफू करायची. खांद्यावरून आडवंतिडवं जादा टायर गुंडाळलेलं असायचं, त्याचा काळा पट्टा पाठीवर उमटायचा. तो पट्टा कधी गेला नाही. मग कारखान्यात कृत्रिम धागा आला. आम्ही म्हणायचो, बरं झालं, धुवायला हलकं. तुझा बाप म्हणायचा, "प्लास्टिक घालून माणूस उकडतो, बटाटा नाही मी." पुढे ते चमकदार, अंगाला चिकटलेले कपडे आले तेव्हा तर तो फाटकात उभा राहून जाणाऱ्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "टीने, बाहेर ये, सर्कस निघालीये."

आणि आता? गेल्या ऑक्टोबरात लायक्राची पट्टेवाली चड्डी आली. नोव्हेंबरात नवे बूट. ते पायडलमध्ये कट् करून अडकतात. आधीच्या बुटांना त्याने स्वतः खिळ्यांनी पट्टी ठोकली होती, वीस वर्षं चालले ते. आणि जानेवारीत तो हेल्मेट घेऊन आला. निळं.

एकसष्ट साली तो पडला तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. डोक्यावर ती कातडी पट्ट्यांची टोपी होती, जिच्यातून सगळं डोकं दिसतं. अकरा दिवस त्याने डोळा उघडला नाही. त्यानंतर शर्यती संपल्या, पण सायकल सुटली नाही. जेव्हापासून बाजारात धड हेल्मेट मिळायला लागलं तेव्हापासून मी त्याला सांगतेय. पाया पडायचीच बाकी राहिले होते. "डोकं गरम होतं," एवढंच उत्तर. आता कुणी सांगितलं म्हणून घातलं? मी तर नाही.

हे सगळं एकवेळ सोडून देईन. पण बुधवार! दर बुधवारी दुपारी तो जातो आणि साडेसहाला परत येतो. "कुठे गेला होतास?" "वारा नेईल तिकडे." काल वारा पश्चिमेचा होता, शेडचं पत्र्याचं दार सबंध दिवस आपटत होतं. वाऱ्याबरोबर गेलेला माणूस परत येताना त्याच वाऱ्याच्या तोंडी लागतो, लाल होऊन, दमून येतो. हा आला तो ताजातवाना. मी जर्सी उचलली. कोरडी. इस्त्रीची घडी दिसत होती. आणि वास लॅव्हेंडरचा. कपडे मऊ करायचं ते सुगंधी पाणी मी घरात आणतसुद्धा नाही, कापडाचा श्वास कोंडतो त्याने.

म्हणजे कुणीतरी त्याची जर्सी धुतंय, गेर्ट. त्याच्याकडे तशाच दोन आहेत. एक इथे, एक तिथे.

तुझ्या चड्ड्या मी कशा धुवायची, ते आतलं कातडं, तुला आठवतं का? असो. तो विषय नको.

तू पुरुष आहेस, तुला काय वाटतं ते लिही.

आई


रॉन्से, गुरुवार, ७ एप्रिल १९९४

गेर्ट,

तुझं पोस्टकार्ड आलं. "त्यांनाच विचार." दोन शब्द. सतरा वर्षांनी सहीच्या वर काहीतरी लिहिलंस, तेही मला वाटेला लावायला.

पण मला एक सांग. मी तुला पत्र टाकलं शुक्रवारी. तुझं कार्ड आलं पुढच्या गुरुवारी. आणि त्याच आठवड्यापासून तुझा बाप स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागला. जन्मात ज्याला मशीनचं झाकण उघडता येत नव्हतं तो बाही वर करून उभा! मी म्हटलं, "हे काय नवीन?" तर म्हणतो, "तुझी पाठ दुखते ना."

माझी पाठ पंच्याऐंशी सालापासून दुखतेय.

तू त्याला काही बोललास का? तुमचं बोलणं आहे का? नसावं, तू त्याला शेवटचं काय म्हणाला होतास ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. मग त्याला कसं कळलं की मी जर्सी हुंगतेय?

तो धुतो, पण खिसे बघत नाही. पुरुषांना खिशांची अक्कल नसते. मंगळवारी मागच्या मधल्या खिशात मला एक केसांचं रबर मिळालं. लालसर, त्याला दोन केस अडकलेले. लांब, पिवळे. माझे केस कसे आहेत तुला माहीत आहे, आणि आता तर ते मानेच्या वरच असतात. त्याच खिशात पावाच्या दुकानाची कागदी पिशवी होती, चुरगाळलेली. तिच्यावर हेर्झेले असं छापलेलं. हेर्झेलेत आपलं कोण आहे? कुणी नाही.

शेजारच्या मार्थाला मी काही बोलले नव्हते. पण तिला डोळे आहेत. कुंपणापाशी म्हणाली, "काय गं टीने, तुमचे आखिएल परत पाय भादरायला लागलेत?"

"सायकलवाले भादरतात. पडलं तर जखम धुवायला सोपं जातं."

"विशीतले भादरतात. बासष्टीचा म्हातारा भादरायला लागला म्हणजे कुणीतरी बघणारं असणार."

मी हसले. घरात येऊन ते रबर परत हातात घेतलं.

पिवळे केस म्हणजे तरुण असणार. किंवा रंगवलेले. ती विधवा असेल, तिचं स्वतःचं घर असेल, हा दुपारी जात असेल, ती म्हणत असेल ते हेल्मेट घाल, आणि हा घालत असेल. एवढं सगळं मी त्या रबरावरून ओळखलंय. तुला वाटेल आई वेडी झाली. पण मी कपड्यांच्या बाबतीत कधी चुकलेली नाही. खिशात जे सापडतं ते खोटं बोलत नाही.

त्याला विचारणार नाही. विचारलं की माणूस सावध होतो. मी जाऊन बघणार आहे.

आई


रॉन्से, गुरुवार, ५ मे १९९४

गेर्ट,

आता घरच्या पत्त्यावर पाठवतेय. आश्चर्य वाटलं ना? काल तुझा दारावरचा नंबर मी स्वतः वाचला.

बाराच्या बसने झॉटेगेमला गेले, तिथून दुसरी बस. डोक्याला रुमाल बांधला होता. हेर्झेलेच्या चर्चसमोर एक कॅफे आहे, तिथे खिडकीशी बसले. मालकीण गप्पिष्ट. कॉफी ठेवत म्हणाली, "कुणाची वाट बघताय का बाई?"

"बसची."

"बस तर आत्ताच गेली की."

"पुढच्या."

तिने बिस्किटं दोन ठेवली. मी दयनीय दिसत असणार.

अडीचच्या सुमाराला तो आला. निळ्या हेल्मेटवरून ओळखला. बाईबिई नाही, रस्त्यावर एकटाच. मग तो जरा बाजूला झाला आणि मला दिसलं की त्याच्या मागच्या चाकाला चिकटून अजून एक सायकल आहे. एक पोरगी. बारा-तेरा वर्षांची. हेल्मेटखालून पिवळी वेणी पाठीवर आपटतेय. तो मागे न बघता उजवा हात खाली नेऊन बोटाने खूण करत होता, खड्डा, खड्डा, डावीकडे. तुला शिकवताना करायचा तशीच. आणि पोरगी ओरडत होती, "आजोबा, जोरात! आजोबा, झोपलात का?"

मी कपाळाला हात लावला. मला वाटलं, अरे देवा, याचं दुसरं कुटुंब आहे. जुनं. नातवंडं आहेत. बघ, तेव्हासुद्धा माझ्या मनात काय आलं.

मालकीण खिडकीतून बघत म्हणाली, "आपली इल्से. बरी चालवते हो पोरगी. म्हातारा चांगला मिळालाय तिला."

"कुणाची ती?"

"गेर्टची, झॉटेगेमच्या छापखान्यात जातो तो. चर्चमागच्या गल्लीत राहतात."

पैसे कपाखाली ठेवून मी निघाले. गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले, कचऱ्याच्या डब्यांच्या आड. एकोणसाठ वर्षांची बाई. दोघं फाटकापाशी उतरले, दार उघडलं आणि तू बाहेर आलास. तुझे केस गेलेत पुढचे. तू तुझ्या बापाच्या हातातून सायकल घेतलीस. तो काहीतरी म्हणाला आणि तू हसलास. तुझी बायकोच असेल ती, दोरीवर कपडे घालत होती. दोरीवर त्याची जर्सी होती.

मी बस धरून घरी आले. साडेसहाला तो आला. "कुठे गेला होतास?" "वारा नेईल तिकडे." मी त्याला सूप वाढलं.

तेरा वर्षं, गेर्ट! तेरा वर्षांची नात आहे मला आणि कॅफेवालीला तिचं नाव माहीत आहे. मी काय कुष्ठरोगी आहे? तू बापाशी भांडलास, बापाला बोललास, बापामुळे घर सोडलंस. आणि दार उघडलंस ते कुणाला? त्यालाच. मग माझ्यापासून का लपवलंत? तुम्हा दोघांना माझ्याबद्दल काय माहीत आहे?

आई


रॉन्से, रविवार, ८ मे १९९४

गेर्ट,

आज मातृदिन. समोरच्या घरात सकाळपासून फुलांचे गुच्छ जाताहेत. आखिएल मागे अंगणात बसलाय. मी तुला पत्र लिहितेय हे त्याला माहीत आहे, आणि लिहू नकोस असं त्याने मला दोनदा सांगितलंय.

काल मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी सरळ विचारलं असेल. तो साखळीला तेल देत होता. मी म्हटलं, "इल्सेला कुठल्या वर्गात घातलंय?"

त्याने तेलाची बाटली खाली ठेवली. म्हणाला, "सातवी. तू कधीपासून...?"

"बुधवारी. तिथेच होते मी. मला का नाही सांगितलंस?"

"गेर्टची अट होती." आणि मग त्याने सगळं सांगितलं. गेल्या सप्टेंबरात तू त्याच्या सायकल क्लबच्या कॅफेत फोन केलास. पोरीला माळ्यावर तुझी जुनी सायकल सापडली, शर्यतीत उतरायचं म्हणून तिने हट्ट धरला आणि तुला शिकवणं जमेना. तू म्हणालास, "बाबा, तुम्ही शिकवा. झालं ते झालं. पण आईला कळता कामा नये. तिला कळलं तर ती पोरीला सायकलवर बसू द्यायची नाही. काहीतरी करेल."

काहीतरी करेल. तू हे कशावरून म्हणालास मला माहीत नाही. नुसत्या स्वभावावरून म्हणाला असशील. पण ते खरं होतं.

हेल्मेटचंही कळलं. पोरगी म्हणाली, "तुम्ही घातलं नाही तर मीपण नाही घालणार." एका दिवसात घेतलं त्याने. आणि लोकरीची जर्सी बघून तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही मेंढपाळ आहात का?"

आता जे लिहायचंय ते लिहिते.

सत्त्याहत्तरच्या जूनमधली ती शर्यत. ज्या संघाला तू हवा होतास त्याचा माणूस बघायला येणार होता. शुक्रवारी मी तुझी जर्सी धुवायला घेतली आणि मागच्या खिशात काचेची नळी सापडली. वर चिठ्ठी नाही, नाव नाही. आत पांढऱ्या गोळ्या. त्या दिवसांत पेपरात काय काय येत होतं तुला माहीत आहे, कुणी गोळ्या घेऊन डोंगरावर कोसळला, कुणाचं हृदय झोपेत थांबलं. मी तुझ्या बापाला अकरा दिवस बेशुद्ध पाहिलं होतं. मला तू तसा दिसायला लागलास.

मी तुला विचारायला हवं होतं. तू पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकत होतास. सात पावलं. मी विचारलं नाही. मी म्हटलं, विचारलं की सावध होईल.

मी तुझी शर्यतीची चड्डी घेतली आणि धुण्याच्या सोड्यात उकळली. बसायच्या जागी आतून शिवलेलं मऊ कातडं कोमट पाण्यात, साध्या साबणाने धुवायचं, सावलीत वाळवायचं, मग मलम चोळून हाताने मळायचं, हे माझ्याइतकं गावात कुणाला माहीत नव्हतं. मी ती उकळली आणि स्टोव्हजवळ वाळवली. कातडं फळीसारखं झालं, कडा वळल्या. मग वरवर मलम चोळलं, हाताला मऊ लागावं म्हणून. मला वाटलं, तीस किलोमीटरनंतर टोचेल, तू उतरशील, तो माणूस निघून जाईल. एवढंच.

तू उतरला नाहीस. तू एकशे चाळीस किलोमीटर गेलास. चड्डी सोलून काढावी लागली. गळू झालं, डॉक्टरांनी कापलं, पाच आठवडे तू पालथा झोपलास आणि तुझी जागा दुसऱ्या पोराला मिळाली.

आणि मग स्वयंपाकघरातला तो दिवस. मलम लावायचं काम आखिएलचं असायचं. तू विचारलंस, "बाबा, कातडं तपासलं नव्हतंत?" तो म्हणाला, "विसरलो." तू म्हणालास, "विसरलात? की मी तुमच्या पुढे जाईन म्हणून विसरलात?" तो गप्प राहिला. मी ओट्याशी बटाटे सोलत होते. मी पाठ वळवलीसुद्धा नाही. सप्टेंबरात तू गेलास.

काल मी त्याला हे सांगायला तोंड उघडलं. तर तो म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"शर्यतीच्या सकाळी चड्डी हातात घेतली तेव्हाच सोड्याचा वास आला होता. वाटलं, चुकून झालं असेल. संध्याकाळी ते कातडं बघितलं आणि समजलं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? बाप गेला तर चालतं, टीने. पोराला आई लागते."

तुला आईही उरली नाही, ती गोष्ट वेगळी. त्याने सतरा वर्षं मला एका शब्दाने टोचलं नाही. मी मात्र त्याच्या जर्सीत बाई शोधत होते.

तो म्हणतो, "नको लिहूस. मी एवढी वर्षं वाहिलंय, अजून थोडी वाहीन. गेर्टने मला माफ केलंय. हळूहळू तुझंही नाव काढेन मी, पोरगी एखाद्या रविवारी येईल इकडे. तू हे लिहिलंस तर दार बंद होईल." खरं आहे त्याचं. गप्प बसले तर मला नात मिळेल. पण तू त्याला जे माफ केलंयस ते त्याने केलेलंच नाही.

सोड्यात मी उकळली. त्याने नाही.

आई


रॉन्से, गुरुवार, ३० जून १९९४

गेर्ट,

तू आलास त्या शनिवारी मला काहीच बोलता आलं नाही, म्हणून हे.

तू खुर्चीवर बसला नाहीस, कोट काढला नाहीस. मी कॉफी ओतली ती तशीच राहिली. मला वाटलं होतं तू ओरडशील. तू एकच प्रश्न विचारलास. "ती नळी. तिच्यात काय होतं ते तू मला का विचारलं नाहीस?" मग तू म्हणालास, "द्राक्षसाखर होती, आई, नुसतं ग्लुकोज. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडची. चढ आला की एक चघळायची." आणि मागच्या दाराने अंगणात गेलास.

खिडकीतून मी बघत होते. तुझा बाप वाफ्यातले कांदे खणत होता. तू त्याच्याजवळ उभा राहिलास. दोघं किती वेळ बोललात मला माहीत नाही, ऐकूही आलं नाही. आणि खरं सांगते, ऐकायला मी दाराशीही गेले नाही. शेवटी तू त्याच्या हातातली कुदळ काढून घेतलीस, त्याला धरलंस, आणि तो माणूस, जो अकरा दिवसांनी शुद्धीवर आला तेव्हाही रडला नव्हता, तो तुझ्या कोटात तोंड घालून रडला. तू पुढच्या दाराने न येता बाजूच्या फाटकातून गेलास. मला ते समजलं.

त्यानंतरचे पाच बुधवार आखिएल जात राहिला. मला सांगून जायला लागला. परत आला की मी काही विचारायची नाही आणि तो एखाददुसरं सांगायचा. इल्सेला चढावर दम कमी पडतो. इल्सेने त्याला उतारावर मागे टाकलं. मी ऐकून घ्यायची.

काल त्याने खिशातून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "तुझ्यासाठी आहे."

तुझं अक्षर. कंबर बासष्ट, नितंब अठ्ठ्याऐंशी, मांडी एकोणपन्नास, आतली लांबी बावीस. खाली लिहिलंयस की मुलींच्या मापाची सायकलची चड्डी कुठे मिळत नाही, पोरांच्या घालून तिला जांघेत ओरखडे उठतात, पुढच्या महिन्यात जत्रेची पहिली शर्यत आहे. आणि त्याखाली, दोनदा रेघ मारून: "आधी मी बघेन. प्रत्येक शिवण."

मी तो कागद तीनदा वाचला. मग कारखान्यातल्या माझ्या जुन्या सोबतिणीकडे जाऊन लायक्रा घेऊन आले, काळं, चारी बाजूंनी ताणलं जाणारं. आत आता कातडं घालत नाहीत, माहीत असेल तुला. कापडी गादी असते, धुतली तरी मऊ राहते. मी ती पुढे निमुळती कापली आणि बसण्याच्या हाडांपाशी रुंद ठेवली, मुलींना तिथेच लागते. मधोमध एकही शिवण येऊ दिली नाही. बाकीच्या शिवणी सपाट आहेत. सोबत पाठवतेय. आखिएलबरोबर नाही, टपालानेच. मध्ये कुणी नको.

तपास. आतून उलटी कर, उजेडात धर, बोटं फिरव, ताणून बघ. संशय आला तर कात्रीने उसव आणि आत काय आहे ते बघ. उसवलीस तरी चालेल, मी दुसरी शिवेन. आणि काही विचारावंसं वाटलं तर फोन कर. मी दुपारी घरीच असते.

इल्सेला सांग, आत चड्डी घालायची नाही, नुसती हीच घालायची. मुली लाजतात आणि घालतात. कुणी शिवलीये हे तिला सांगायचं की नाही ते तू ठरव.

आई